तेजबिंदूवर चालणारी गाडी

बाजारामागच्या चढावर त्या दुपारी तीळ ठेवायला जागा नव्हती. दुकानदारांनी शटरं अर्धी खाली ओढली होती, म्हणजे दुकान बंदही नाही आणि उघडंही नाही. न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक एका गालाचा साबण तसाच ठेवून धावत आलं होतं, आणि त्याच्या मागोमाग वस्तरा हातात घेऊन न्हावी. त्या वस्तऱ्यामुळे दोघांनाही पुढची जागा चटकन मिळाली.

चढाच्या पायथ्याशी दोर बांधून मैदान राखलं होतं. तिथे दोन पिवळ्या व्हॅन शेजारी शेजारी उभ्या होत्या, एकीला झाकावं आणि दुसरीला दाखवावं अशा जुळ्या. त्यांच्या मागे विटांनी शिगोशीग भरलेली ट्रॉली. आणि या सगळ्यासमोर, उंच स्टुलावर, मांडीवर मांडी टाकून बसलेले श्री इंधनानंद महाराज. अंगात रेशमी झगा, कपाळावर काळा पट्टा, गळ्यात स्पार्क प्लगांची माळ. मान हलली की माळ वाजायची आणि माळ वाजली की पहिल्या रांगेतले लोक हात जोडायचे.

"भक्तहो!" माइकमधून महाराज गरजले. "या दोन गाड्या नीट पाहून घ्या. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. दोघींची हॉर्सपॉवर सारखी. दोघी पेट्रोल पितात. फरक फक्त एक! हिच्या पोटात नुसतं पेट्रोल आहे, आणि तिच्या पोटात पेट्रोल अधिक आमचा तेजबिंदू!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजून काही झालं नव्हतं, पण टाळ्या तयारच होत्या.

महाराजांचा शिष्य मौनीबुवा पुढे आला. उंच, सडपातळ, दाढीवाला माणूस. याने कित्येक वर्षांपूर्वी मौन घेतलं असून गुरूच्या आज्ञेशिवाय तो शिंकतही नाही, असं महाराज सांगत. त्याने ट्रॉली पहिल्या व्हॅनला जोडली आणि स्टिअरिंगवर बसला. सगळीकडे चिडीचूप. गाडी सुरू झाली, पुढे सरकली, चढाला लागली न लागली तोच थरथरली, उचकी दिल्यासारखी दोनदा हलली आणि बंद पडली. मौनीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा उचकी, पुन्हा शांत.

"अरेरे!" गर्दी हळहळली.

"ही तुमची गाडी!" महाराज म्हणाले. "आणि हाच तुमचा संसार! पोटात अन्न आहे, पण अंगात जीव नाही. आता ट्रॉली दुसरीला जोडा."

दुसऱ्या व्हॅनच्या टाकीत महाराजांनी स्वतःच्या हाताने, छोट्या बाटलीतून पिवळे थेंब सोडले. मग हात वर केला. "आता डोळे मिटा! उघड्या डोळ्यांनी तेज पाहिलं तर दृष्टी जाते. आणि गजर करा, पोटातून करा!"

ढोल सुरू झाले. झांजा सुरू झाल्या. लाउडस्पीकरमधून 'जय तेज, जय इंधन' एवढ्या जोरात निघालं की समोरच्या गच्चीवरची कबुतरं गाव सोडून गेली. चार बाजूंनी धुपाचे लोट उठले. आणि त्या धुरातून ती व्हॅन, विटांची ट्रॉली ओढत, लग्नाला निघालेल्या हत्तिणीच्या डौलात चढावर निघाली. लोकांनी डोळे उघडले तेव्हा ती वर पोचलेली होती.

मग जो जल्लोष झाला तो विचारू नका. बाटल्यांच्या टेबलासमोर रांग लागली, रांगेत ढकलाढकली झाली, आणि साबण लावलेल्या गालाचं ते गिऱ्हाईक न्हाव्यालाच 'आधी मी' म्हणून भांडू लागलं.

या सगळ्या गर्दीत डोळे उघडे ठेवणारी एकच व्यक्ती होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. गावात त्यांना 'प्रयोगबाई' म्हणत, कारण दूध नासलं तरी त्या आधी 'का नासलं' ते शोधत आणि मग पातेलं घासत. त्या इथे चमत्कार पाहायला आल्या नव्हत्या, नवऱ्याला शोधायला आल्या होत्या. घरी जेवण गार होत होतं.

नवरा पहिल्या रांगेतच होता. रुग्णालयाची एकुलती एक अँब्युलन्स चालवणारा हा गृहस्थ. आवाज असा की सायरन बिघडला तरी त्याने नुसती हाक मारली की रस्ता मोकळा व्हायचा, म्हणून सगळे त्याला सायरनभाऊ म्हणत. सायरनभाऊंचे हात जोडलेले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

त्या पाण्यामागचं कारण बाईंना माहीत होतं. मोठं रुग्णालय डोंगराच्या पलीकडे होतं आणि वाटेतला घाट चढताना अँब्युलन्स धापा टाकायची. एकदा तर, आत छातीत कळा येणारा एक म्हातारा असताना ती मधेच बंद पडली, आणि म्हाताऱ्याच्या दोन्ही मुलांनी खाली उतरून, रडत रडत, ढकलत वळण पार केलं होतं. म्हातारा वाचला. पण सायरनभाऊ त्या दिवसापासून झोपेतही पाय दाबायचे, एक्सलरेटर दाबावा तसा.

म्हणून बाईंनी नवऱ्याला काही न म्हणता हात वर केला. "महाराज, एक प्रश्न विचारू?"

"विचार माते."

"ही बाटली आता पहिल्या गाडीत घाला ना. आणि दुसरीतला बिंदू संपला की तिला नुसत्या पेट्रोलवर चढवून दाखवा. म्हणजे जोर गाडीचा की बाटलीचा, ते कळेल."

क्षणभर महाराजांची माळ वाजायची थांबली. मग ते हसले, गोड, तुपात तळल्यासारखे. "माते, ज्या गाडीने एकदा तेज नाकारलं तिला पुन्हा देता येत नाही. आज म्हणशील गाड्यांची अदलाबदल करा. उद्या म्हणशील नवऱ्यांची करा!"

गर्दी खदखदून हसली. न्हावी तर वस्तरा उंच करून हसला. बाईंचे कान लाल झाले. आणि त्या हशात सर्वांत वाईट काय होतं, तर सायरनभाऊंनी मान खाली घातली होती. बायकोच्या बाजूनेही नाही, महाराजांच्या बाजूनेही नाही. नुसती खाली.

घरी आल्यावर ताटं वाढली गेली, पण जेवणात कोणाचंच लक्ष नव्हतं. सायरनभाऊंच्या आईने, म्हणजे सासूबाईंनी, मुलाच्या खिशातून डोकावणारी बाटली पाहिली.

"हे काय आणलंस? खोकल्याचं औषध?"

"आई, तेजबिंदू आहे. उद्या अँब्युलन्सच्या टाकीत घालणार."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "अँब्युलन्समध्ये? अहो, आत माणसं असतात!"

"म्हणूनच घालतोय! शंभरदा गॅरेजला नेली. इंजिन ठीक आहे, ठीक आहे, एवढंच सांगतात. ठीक आहे तर चढत का नाही? आज डोळ्यांनी पाहिलं मी…"

"डोळे तर मिटले होते तुम्ही."

"मिटलेल्या डोळ्यांनी पाहिलं!"

"आणि शिंपीकाकांची स्कूटर? त्यांनी कालच्या कार्यक्रमात बाटली घेऊन लगेच बिंदू घातला. आज सकाळपासून स्कूटर ओसरीवर आणि काका पायी."

"महाराज म्हणाले, शिंप्याच्या मनात शंका होती."

"स्कूटरला कसं कळलं?" सासूबाईंनी विचारलं. "त्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या बायकोला आयुष्यभर कळलं नाही."

बाई उठल्या. अंगणात उभ्या असलेल्या त्यांच्या मोपेडमधून नळीने थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं, चुलीपासून लांब, ओट्याच्या टोकाला बरणी ठेवली आणि त्यात बाटलीतले थेंब सोडले. पिवळे थेंब पेट्रोलमधून सरळ खाली गेले आणि तळाला जाऊन, मोत्यासारखे गोल होऊन बसले.

"पाहा. पेट्रोलमध्ये न मिसळता तळाला बसतंय. म्हणजे हे पाणी आहे, रंग घातलेलं. टाकीतही तळाला बसणार, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळाशीच असते. सगळ्यात आधी हेच आत जाणार. शिंपीकाकांची स्कूटर शंकेनं नाही बंद पडली, पाण्यानं पडली."

सायरनभाऊ बरणीकडे बघत राहिले. पण माणसाने एकदा मनापासून हात जोडले की ते सोडवणं सोपं नसतं. "श्रद्धेचं पाणी खोलच जातं," ते पुटपुटले. "आणि मग दुसरी गाडी चढली कशी? ते सांग. तिच्याही टाकीत हेच घातलं होतं."

त्याच प्रश्नावर बाई दुपारपासून विचार करत होत्या. "एक गोष्ट सांगा," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्या गाडीच्या वेळी एकही ढोल वाजला नाही. दुसरीच्या वेळी कानठळ्या. दुसरी गाडी सुरू झाली की देवाला ऐकू यायचं बंद होतं का?"

"गजर असतो तो."

"मधे एकदा लाउडस्पीकरची वायर निसटली होती, क्षणभरच. तेव्हा मला त्या गाडीचा आवाज ऐकू आला. खड्खड्खड्खड्. अहो, शाळेचा जनरेटर माझ्या वर्गाच्या खिडकीखाली आहे. मी 'आवाज म्हणजे काय' शिकवायला लागले की तो नेमका सुरू होतो. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. जनरेटर डिझेलचा आहे."

सायरनभाऊंनी चटकन वर पाहिलं. डिझेलच्या गाड्यांवर उमेदवारी केलेला माणूस तो. पण लगेच मान झटकली. "शक्यच नाही. महाराज स्वतः म्हणाले, दोन्ही पेट्रोलच्या."

"ठीक आहे. मग माझं खोटं ठरवा. उद्या त्यांचा शेवटचा कार्यक्रम आहे. तुम्ही सेवा म्हणून पेट्रोलचा कॅन न्या आणि दुसऱ्या गाडीत ओता. गाडी पेट्रोलची असेल तर काय बिघडणार? उलट पुण्यच लागेल. मी सगळ्यांसमोर महाराजांच्या पाया पडेन."

"पडशील?"

"पडेन."

"आणि डिझेलची निघाली तर?"

"तर ती बाटली अँब्युलन्सच्या आसपासही फिरकणार नाही."

सासूबाईंनी ताट पुढे ओढलं. "मी दोन्ही बाजूंनी येते," त्या म्हणाल्या. "पाया पडली तरी बघायचंय, नाही पडली तरी बघायचंय."

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होती. आजूबाजूच्या वस्त्यांतूनही माणसं आली होती. महाराजांचा उत्साह ओसंडत होता. पहिली व्हॅन ट्रॉलीसकट उचकी देऊन बंद पडली. गर्दी तिच्यासाठी मनसोक्त हळहळली. महाराजांनी "ट्रॉली दुसरीला जोडा" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दोराखालून वाकून सायरनभाऊ आत आले. हातात पेट्रोलने भरलेला कॅन, चेहऱ्यावर भक्ती.

"महाराज! माझी सेवा स्वीकारा. तेज चढवण्याआधी या माउलीची टाकी माझ्या पैशांच्या पेट्रोलनं फुल करतो!"

सायरनभाऊंना माइक लागत नव्हता. शेवटच्या गच्चीपर्यंत ऐकू गेलं. "वा! वा!" गर्दीने टाळ्या वाजवल्या.

महाराजांचा चेहरा मात्र उतरला. "नको वत्सा. सेवा पोचली."

"अशी कशी पोचली? अजून ओतली कुठं?"

"ती गाडी… ती गाडी आज उपाशी आहे. व्रत आहे तिचं."

"मग कालचा चढ उपाशीपोटी चढली?" मागून सासूबाईंचा आवाज आला. "अशी सून मिळायला पाहिजे."

लोक हसले. महाराज घाईघाईने म्हणाले, "पेट्रोल आधी शुद्ध करावं लागतं. मंत्रानं. ठेव तिकडे, नंतर…"

"तुमच्या गाडीत गेलं की आपोआप शुद्ध होईल!" सायरनभाऊ म्हणाले. आता त्यांच्या आवाजात भक्तीबरोबर आणखी काहीतरी होतं. फुकट पेट्रोल नाकारणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ते दोन ढांगांत व्हॅनपाशी पोचले, टाकीचं झाकण फिरवून काढलं, आणि थबकले. उघड्या टाकीतून वास आला. ज्या वासात त्यांची सगळी तरुणपणाची वर्षं गेली होती तो वास. धूप अजून पेटवलेला नव्हता.

त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं.

सायरनभाऊंनी कॅन उचलला आणि टाकीवर तिरपा केला.

"नको! नको! अहो नको!" एक किंकाळी आली. "डिझेल आहे त्यात! पंप जाईल! इंजिन बसेल माझं!"

किंकाळी मौनीबुवांची होती. ते धावत आले होते आणि दोन्ही हातांनी टाकीचं तोंड झाकून उभे होते, लेकराला कुशीत घ्यावं तसे.

"चमत्कार!" मागून कोणीतरी ओरडलं. "मुका बोलला!"

"जय इंधनानंद!" दुसरा ओरडला, आणि अर्ध्या गर्दीने सवयीने हात जोडले.

"अरे, तो काय बोलला ते तर ऐका!" बाई ओरडल्या. आयुष्यभर वर्ग सांभाळलेला आवाज होता तो. गर्दी गप्प झाली. "काय म्हणालात, मौनीबुवा? काय आहे त्यात?"

मौनीबुवांच्या लक्षात आलं की आपण बोललो. त्यांनी महाराजांकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं, मग खांदे पाडले. "डिझेल," ते म्हणाले. "मौन गेलं खड्ड्यात. या गाडीचं इंजिन मी स्वतःच्या हातानं बांधलंय, बाई. डोळ्यांदेखत त्यात पेट्रोल पडताना नाही बघवलं."

महाराजांनी मात्र वेळ दवडला नाही. झगा गुडघ्यापर्यंत वर धरून ते स्टुलावरून उतरले आणि जवळच्या, म्हणजे पहिल्या व्हॅनमध्ये शिरले. दार आपटलं, चावी फिरवली, आणि चढाच्या दिशेने गाडी सोडली. घाईत एक गोष्ट राहून गेली. विटांची ट्रॉली अजून मागे जोडलेलीच होती.

व्हॅन थरथरली. उचकी दिली. बंद पडली.

"बिंदू घाला, महाराज!" न्हावी ओरडला.

महाराजांनी पुन्हा चावी फिरवली. पुन्हा उचकी.

"शंका आली असेल मनात!" शिंपीकाका म्हणाले. त्यांच्या चालून चालून दमलेल्या पायांना त्या क्षणी केवढा आराम पडला, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बाजारातल्या पोलीस चौकीचा हवालदार गर्दीतच होता. कालच त्याने दोन बाटल्या घेतल्या होत्या, त्यामुळे तो जरा जास्तच तत्परतेने पुढे झाला आणि महाराजांना दंडाला धरून खाली उतरवलं.

पण लोक हलेनात. फसवलं हे कळलं होतं. कसं फसवलं हे कळलं नव्हतं. साबणाच्या गालाचा तो इसम, आज दोन्ही गाल स्वच्छ करून आलेला, पुढे आला. "बाई, डिझेलची असेना का गाडी. पण महाराज म्हणाले दोघींची हॉर्सपॉवर सारखी. ते तरी खोटं ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते खरं आहे. चांगला लबाड अर्धंच खोटं बोलतो."

त्या स्टुलावर चढल्या, कारण त्यांची उंची बेताची होती. "घरी गेलात की दार बिजागरीजवळ ढकलून बघा. हलणार नाही. कडीजवळ ढकला, बोटानं उघडेल. फिरवायच्या या जोराला टॉर्क म्हणतात. आपण पीळ म्हणू. चढावर ओझं ओढायला चाकाला पीळ लागतो. आणि इंजिन तो पीळ किती झरझर फिरून देतं, त्या दोन्हींचा गुणाकार म्हणजे हॉर्सपॉवर. एक माणूस भरलेली बादली घेऊन सावकाश जिना चढतो. दुसरा तांब्या घेऊन धावत चढतो, धावत उतरतो. संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीत पाणी दोघांचं सारखंच. ती त्यांची पॉवर. पण तांब्यावाल्याला म्हणालात, 'तूही सावकाश चाल', तर?"

"तर टाकी भरायची नाही!" दोनचार जण ओरडले.

"डिझेलचं इंजिन बादलीवालं. त्यात ठिणगीच नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि तीत डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. महाराजांच्या गळ्यात स्पार्क प्लगांची माळ आहे, पण त्यांच्या चमत्काराच्या गाडीत एकही स्पार्क प्लग नाही! एवढा दाब सोसायचा तर इंजिन जाडजूड लागतं. आणि या इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली लांब फेरी मारतो, म्हणजे फिरवणारा दांडाही लांब. कडीजवळ दार ढकलावं तसं. म्हणून ते सावकाश फिरतानाही भरपूर पीळ देतं. पेट्रोलचं इंजिन तांब्यावालं. हलकं, चपळ. झरझर फिरलं तरच त्याची खरी ताकद बाहेर येते."

"आणि मी त्याला झरझर फिरूच देत नव्हतो," मौनीबुवा मधेच म्हणाले. बोलायला लागल्यापासून त्यांना थांबवत नव्हतं. "दोन्ही गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये, एक्सलरेटर हलका. डिझेलवाली तेवढ्यावर ओढते, पेट्रोलवाली बसते. ढोल तिची खडखड झाकायला, धूप तिचा धूर झाकायला, डोळे मिटायला लावायचे म्हणजे धुराचा रंग दिसू नये. आणि थेंब सोडायला टाकीच्या तोंडात वेगळी डबी बसवलीय, डिझेलपर्यंत पोचतच नाहीत."

"आणि पेट्रोलवाली चढूच शकत नाही का?" सायरनभाऊंनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की तो त्यांचाच आहे यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

मौनीबुवांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. मौनीबुवा पहिल्या व्हॅनमध्ये बसले. ट्रॉली तशीच मागे. पहिला गिअर टाकला, आणि एक्सलरेटर असा दाबला की इंजिन किंचाळायला लागलं. क्लच हळूहळू सोडला. ढोल नाही, धूप नाही, बिंदू नाही. ती बिचारी, अपमानित, रोज उचकी देणारी व्हॅन, ओरडत ओरडत, गोगलगाईसारखी, पण न थांबता, विटांची ट्रॉली ओढत चढाच्या टोकाला गेली.

या वेळी टाळ्या उशिरा आल्या. लोक बघत होते.

सायरनभाऊ खाली दगडावर बसले. "माझी अँब्युलन्स पेट्रोलची आहे," ते म्हणाले. "मी शिकलो डिझेलच्या ट्रकवर. उस्ताद म्हणायचे, इंजिन ओरडलं की समज बाप ओरडला, लगेच गिअर वाढव. इतकी वर्षं मी तिला ओरडूच दिलं नाही. घाटात ती ओरडायला लागली की मी गिअर वाढवायचो. आणि मग ती…"

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. "तुम्ही तिच्यावर माया केलीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही माया केलीत म्हणून त्या महाराजाला तुम्हाला फसवता आलं. माया चुकीची नव्हती हो. फक्त गाडीला काय हवंय ते तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

"गॅरेजवाले म्हणायचे, इंजिन ठीक आहे."

"ठीकच होतं."

सायरनभाऊंनी खिशातून बाटली काढली. फेकली नाही. बाईंच्या हातात दिली. "वर्गात दाखव पोरांना. त्या बरणीतली गंमत."

त्यानंतर घाटात अँब्युलन्स पहिल्याच खेपेला, आत एक बाळंतीण आणि तिची आई असताना, खालच्या गिअरमध्ये एवढ्या जोरात किंचाळत चढली की बाळंतिणीची आई घाबरून म्हणाली, "भाऊ, गाडीला काय होतंय?" सायरनभाऊ म्हणाले, "काही नाही मावशी, तिला बरं वाटतंय." वळणावर कोणालाही खाली उतरावं लागलं नाही.

मौनीबुवांनी दाढी काढली. बाजारातल्या गॅरेजात त्यांना काम मिळालं, आणि आता त्यांच्याबद्दल एकच तक्रार असते, की ते फार बोलतात. इंधनानंद महाराजांचं पुढे काय झालं, ते कायदा बघून घेईल. पण त्यांच्यासारखे आणखी येतील. कोणी इंजिनात तेज घालेल, कोणी दुखण्यावर राख लावेल, कोणी जमिनीखालचं सोनं दाखवेल. येणारा दर वेळी आपल्याला जे मनापासून हवं असतं तेच घेऊन येतो, म्हणून तर तो आपल्याला पटतो.

तेव्हा वाचकहो, एवढंच करा. कोणी अजब काही दाखवलं तर त्याच्यावर रागावू नका, हसूही नका. विचारा. 'बाटली दुसऱ्या गाडीत घालून दाखवा' असं म्हणा. खरी गोष्ट प्रश्न विचारल्यानं मोडत नाही. आणि जी मोडते, ती मोडलेलीच बरी.